शर्यतीच्या जुन्या मोटारीची मागील कमान उतरविताना

रनाळ्याहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिरचीच्या पोत्यांनी भरलेली एखादी मालमोटार उभी असली, तर विद्यार्थ्यांनी तिच्या मागील चाकाजवळ थोडे वाकून पाहावे. चाकाच्या आतल्या अंगास पोलादी पट्ट्यांची एक जुडी दिसेल. सर्वांत वरची पट्टी सर्वांत लांब, तिच्या खालची किंचित आखूड, तिच्याही खालची आणखी आखूड, अशी ती रचना असते. गाडी रिकामी असली म्हणजे जुडीची दोन्ही टोके वर उचललेली आणि पोट खाली आलेले असते. माल भरला की तीच जुडी जवळजवळ सरळ होते. कारागीर लोक जुडीला कमान म्हणतात आणि तिच्या प्रत्येक पट्टीला पाटा. हमरस्त्यावर ‘कमान-पाटे’ अशी पाटी लावलेली दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत.

प्रस्तुत पाठ हा कमान बसविण्याचा नसून उतरविण्याचा आहे, आणि तीही साध्या मालमोटारीची नव्हे, तर एके काळी शर्यतीत धावलेल्या व आता पूर्वस्थितीस आणावयाच्या जुन्या मोटारीची. अशा कामाविषयी आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे. गाडी जोडावयास उस्ताद लागतो; सोडवावयास कोणीही चालतो! त्यामुळे नवीन आलेल्या पोराच्या हाती पाना देऊन ‘सगळे खोलून ठेव’ असे सांगण्यात येते. माझ्या मते ही रीत अगदी उलटी आहे. जोडताना चूक झाली तर पुन्हा सोडविता येते. परंतु जुनी वस्तू पहिल्याने सोडविण्याची संधी एकदाच मिळते, आणि त्या वेळी जे पाहिले नाही ते पुढे कोणालाही पाहता येत नाही. शिवाय त्या पोराचा जीवही याच कामात सर्वांत अधिक धोक्यात असतो, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम कमान करते काय, हे समजून घेतले पाहिजे. नवव्या-दहाव्या इयत्तेतील विद्यार्थ्यांनी रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव ऐकले असेल. लवचीक वस्तूवर जेवढा जोर द्यावा तेवढ्याच प्रमाणात ती ताणली किंवा दबली जाते, हा नियम त्याने १६७८ साली उघड केला. दुप्पट ओझे, दुप्पट दाब. मिरचीच्या पोत्यांखालील कमान हा नियम रोज पाळीत असते. घोड्याच्या गाड्यांना लंबवर्तुळाकार पोलादी कमानी लावण्याचे एकस्व ओबाडाया इलियट याने इंग्लंडात १८०४ साली घेतले, आणि त्यानंतर प्रवासी गाड्यांतील हाडे खिळखिळी करणारे धक्के पुष्कळच कमी झाले. मोटारगाडी आली तेव्हा तिने कमान घोडागाडीकडूनच आयती घेतली.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, शर्यतीच्या बैलगाड्याला कमान कोठे असते? तो तर जितका हलका तितका चांगला, आणि त्यात बसणाऱ्याच्या सुखाचा विचार कोणी करीत नाही. मग शर्यतीच्या मोटारीला तरी कमान कशाला हवी? प्रश्न उत्तम आहे. बैलगाड्याला ओढणारे बैल पुढे असतात. गाड्याचे चाक दगडावरून क्षणभर हवेत उडाले तरी बैलांचे पाय जमिनीवरच असतात, व ओढ चालू राहते. मोटारीची गोष्ट निराळी. आज आपण ज्या प्रकारच्या मोटारीचा विचार करीत आहोत, तीत यंत्राची सर्व शक्ती मागील चाकांतून जमिनीस पोहोचते. चाक हवेत उडाले की ते नुसतेच गरगर फिरते, गाडी पुढे ढकलली जात नाही, आणि वळणावर ती कोठे जाईल याचाही नेम राहत नाही. शर्यतीत कमान असते ती चाकाला जमिनीशी बांधून ठेवण्यासाठी. बसणाऱ्याला मिळते ते सुख अनायासे मिळालेले असते.

आपल्या प्रांतात या गोष्टीची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेण्यात आली. अंतर सुमारे ६२० मैल, आणि वाटेत सहा घाट. आजचे डांबरी रस्ते तेव्हा नव्हते. खडी, फुफाटा आणि नाल्यांची उघडी पात्रे यांतून त्या गाड्यांना जावे लागे. या कसोटीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाच्या रोल्स-रॉइस गाडीने यश मिळविले, व पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. अशा कसोटीत यंत्र जितके तपासले जाते तितकीच कमानही तपासली जाते, हे घाट चढून उतरलेल्या कोणत्याही गाडीवानास पटेल. युरोपात १९२४ साली लियाँ येथील शर्यतीत बुगाटी कंपनीने आपली ३५ क्रमांकाची प्रसिद्ध गाडी प्रथम उतरविली. तिची मागील कमान अर्धी कापल्यासारखी, म्हणजे एकाच टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि नेहमीच्या उलट दिशेने बसविलेली होती. शर्यतीच्या गाड्या करणारे लोक कमानीवर किती डोके चालवीत, याचे हे एक उदाहरण.

परंतु बुगाटी किंवा रोल्स-रॉइस आपल्यापैकी कोणाच्या हाती लागण्याचा संभव थोडा. महाराष्ट्रातील कारागिराच्या हाती येणारी जुनी शर्यतीची गाडी बहुधा फियाट ११०० असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होई. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ओळखीची झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ सालच्या ऑक्टोबरपर्यंत धावली. गृहस्थाची, टॅक्सीवाल्याची आणि शर्यतीची अशी तीन रूपे एकाच गाडीने घेतली. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची एक धावपट्टी होती. तेथे होणाऱ्या शर्यतींत फियाट गाड्या हिरीरीने धावत. म्हणून पुढील विवेचनात फियाटच डोळ्यांसमोर ठेवली आहे. तिच्या मागील बाजूस एक आडवा सलग आस असून तो दोन लांबट कमानींवर बसविलेला असतो. जीप आणि मालमोटार यांचीही मागील रचना मुळात हीच असल्यामुळे, जो ही शिकेल त्याला त्याही समजतील.

या रचनेत कमान एकाच वेळी चार कामे करते, आणि ही चार कामे ध्यानात आल्यावाचून पान्याला हात लावू नये. ती ओझे पेलते, हे उघड आहे. ती आसाला जागेवर धरून ठेवते, म्हणजे तो पुढे-मागे किंवा आडवा सरकत नाही. तिसरे काम पुष्कळांच्या लक्षात येत नाही: मागील चाके गाडीला जो रेटा देतात, तो कमानीच्या पुढील अर्ध्या भागातूनच गाडीच्या शरीरास पोहोचतो. गाडी पुढे ढकलली जाते ती अक्षरशः त्या पुढच्या डोळ्यातील एका बोल्टाने. आणि चौथे असे की, चाके जोराने फिरू लागली की आस उलट दिशेने पिळला जाऊ पाहतो. तो पीळही कमानच सहन करते, व त्या क्षणी तिचा आकार किंचित नागमोडी होतो. शर्यतीत गाडी सुटते तेव्हा हा पीळ फार मोठा असतो. म्हणून शर्यतीत वापरलेल्या कमानीची झीज टॅक्सीच्या कमानीहून वेगळी असते, आणि ती कोठे शोधावी हे आधी ठाऊक असले तरच सापडते.

आता कामाला लागू. पहिले हत्यार पाना नव्हे. वही, शिसपेन्सिल व मोजपट्टी. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी असतानाच मागील प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, डावीकडे ते ३१० मिलिमीटर भरले व उजवीकडे २९६. हा १४ मिलिमीटरांचा फरक क्षुल्लक नाही. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो, आणि शर्यतीत तो एकटाच असतो. वर्षानुवर्षे एका बाजूला ओझे पडून त्या बाजूची कमान बसली असणे शक्य आहे. किंवा पूर्वीच्या कोणी कारागिराने एका बाजूस वेगळा पाटा घातला असेल. कारण काय, ते पुढे कळेल. परंतु गाडी एकदा उचलली की हे माप कायमचे गेले. त्याचप्रमाणे पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते सारखे नसेल तर आस तिरका बसला आहे. आजकाल प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे घेणारा दूरध्वनी असतो. त्याचा उपयोग अवश्य करावा, पण छायाचित्रात माप येत नाही. वहीची गरज त्याने भागत नाही.

गंजलेल्या नट-बोल्टांवर तीन-चार दिवस आधीपासून रोज तेल सोडावे. प्रथम तारेच्या ब्रशाने आट्यांवरील माती व गंज काढावा, नाहीतर तेल मातीतच मुरते. अधीर मनुष्य पहिल्याच दिवशी पान्यात लोखंडी नळी अडकवून लोंबकळू लागतो. बोल्ट तुटतो, आणि मग एका दिवसाचे काम आठ दिवसांवर जाते. जुन्या कारागिरांची एक युक्ती येथे सांगण्याजोगी आहे: घट्ट बसलेला नट सोडविण्यापूर्वी तो किंचित आवळून पाहावा. गंजाचा पापुद्रा त्या हालचालीने फुटतो, व मग नट उलटा फिरू लागतो.

गाडी उचलण्याविषयी मात्र मी थोडा विस्तार करणार आहे, आणि पालकांनीही हा भाग लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. कारण आपल्या गावोगावच्या दुकानांत मुले नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरताना रोज दिसतात. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. पुढील चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावे. मागील चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावे. मग आसाच्या मध्यभागी असलेल्या गोल पेटीखाली चाकांचा जॅक लावून गाडी उचलावी, व शरीराखाली दोन्ही बाजूंस पोलादी घोड्या ठेवून गाडी त्यांवर टेकवावी. विटा रचून त्यांवर गाडी कधीही ठेवू नये. वीट ओझे पेलते असे वाटते, पण ती सूचना न देता फुटते. फियाटला मालमोटारीप्रमाणे स्वतंत्र चासी नाही; तिचे पत्र्याचे शरीर हीच तिची चासी. म्हणून घोडी पाहिजे तेथे लावून चालत नाही. कमानीचा पुढचा डोळा जेथे बसतो त्याच्या थोडे पुढे पत्रा दुहेरी व मजबूत केलेला असतो. तेथेच ती लावावी, आणि लावण्यापूर्वी तो भाग हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावा. मुंबईच्या पावसाळ्यात वाढलेल्या गाडीचा हा भाग पुष्कळदा रंगाखाली पोकळ झालेला असतो. ठोकल्यावर ठणठणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर घोडीची जागा बदलावी व वहीत तसे लिहावे.

आता गाडीचे शरीर घोड्यांवर आहे, आणि आस जॅकवर. या दोहोंमध्ये कमान आहे. ती दबलेली असो वा ताणलेली, तिच्यात शक्ती साठलेली आहे. किती? हूकच्या नियमावरून हिशेब करता येतो. समजा, एका कमानीवर २५० किलोग्रॅम ओझे आहे व त्याने ती १०० मिलिमीटर दबली आहे. जोर सुमारे २४५० न्यूटन. साठलेली शक्ती म्हणजे जोर व दाब यांच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे सुमारे १२२ जूल. साडेबारा किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडावा, इतकी ती आहे. तो दगड बोटावर पडला तर काय होईल, याची कल्पना करण्यास भौतिकशास्त्राची गरज नाही. म्हणून पुढील प्रत्येक बोल्ट सोडविण्यापूर्वी जॅक हळूहळू वरखाली करून कमान जेथे ना दबलेली ना लोंबकळलेली राहील ती जागा शोधावी. बोल्ट हाताला सैल लागू लागला म्हणजे ती जागा सापडली असे समजावे.

चाके काढल्यावर प्रथम आसाला शरीराशी जोडणाऱ्या इतर गोष्टी सोडवाव्या लागतात: ब्रेकच्या तेलाची रबरी नळी, हातब्रेकची तार, आणि यंत्राची शक्ती मागे आणणारा लांब दांडा. या दांड्याच्या व आसाच्या जोडावर दोन्हीकडे मिळून रंगाची एक खूण करून ठेवावी, म्हणजे तो पुन्हा त्याच स्थितीत बसेल. नाहीतर वेगात गाडी थरथरते. ब्रेकची नळी न सोडविता आस खाली घेतला तर सर्व ओझे त्या नळीवर येते, आणि ती बाहेरून धडधाकट दिसली तरी आतून फाटते. धक्काशोषक, ज्याला दुकानात शॉकप म्हणतात, तो आस जॅकवर टेकलेला असतानाच सोडवावा. फार जुन्या शर्यतीच्या गाड्यांत त्याच्या जागी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या असत. तशा असल्यास त्यांचा क्रम बिघडू देऊ नये. याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही.

कमान आसाला घट्ट बांधणारे जे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट असतात, त्यांना यू-बोल्ट म्हणतात. यांचे आटे लांब असतात व चिखलात उघडे असतात, त्यामुळे येथेच सर्वांत अधिक झटापट होते. चारही नट आळीपाळीने, थोडे थोडे ढिले करावे. एकच पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे गेल्यास शेवटच्या नटावर सर्व ताण येतो. येथे ज्योतीने तापविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पेट्रोलची टाकी गाडीच्या याच भागात असते. हे एकच कारण पुरेसे व्हावे. दुसरे असे की, पाट्याच्या पोलादाला लोहाराने जे पाणी दिलेले असते ते तापविल्याने उतरते. वरून काही दिसत नाही, परंतु तेवढा भाग मऊ पडतो व पुढे तेथेच वाकतो. नट सुटतच नसेल तर करवतीने कापावा. यू-बोल्ट नाहीतरी पुन्हा वापरावयाचा नसतो, कारण एकदा आवळल्यावर तो कायमचा ताणला जातो. मात्र कापलेला तुकडा फेकू नये. नवा घडविणाऱ्याला जाडी, रुंदी व आट्यांचा प्रकार त्यावरूनच कळतो.

यू-बोल्ट निघाले की कमान व आस यांच्यामध्ये नीट पाहावे. कारखान्यातून आलेल्या गाडीत आसाच्या बैठकीत एक भोक असते, व कमानीच्या मध्यबोल्टाचे डोके त्यात बसते. शर्यतीच्या गाडीत येथे आणखी काही सापडू शकते: गाडी जमिनीलगत बसावी म्हणून घातलेला लोखंडी ठोकळा, किंवा आसाचा कोन बदलण्यासाठी घातलेली पाचर. पाचरेचे जाड अंग पुढे होते की मागे, हे ती हलविण्यापूर्वी लिहावे. जमिनीवर पडलेल्या पाचरेला पुढचे-मागचे काही नसते.

कमानीचे मागील टोक दोन पट्ट्यांच्या एका झुलत्या दुव्याने टांगलेले असते, कारण कमान सरळ होताना तिची लांबी वाढते व तिला सरकण्यास जागा लागते. पुढील टोक मात्र पक्के. या पुढच्या डोळ्यातील बोल्ट बहुधा रबरी बुशाच्या आतील पोलादी नळीला गंजून चिकटलेला असतो. त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नये. नट टोकाशी सपाट येईल इतका फिरवून त्यावर लाकूड किंवा पितळ धरून ठोकावे. तरीही न निघाल्यास बुशाच्या दोन्ही अंगांनी करवत चालवावी. आणि बाहेर आल्यावर बुश पाहावा. वर सांगितल्याप्रमाणे गाडीचा सर्व रेटा येथून जातो. म्हणून शर्यतीच्या गाडीत भोक गोल न राहता पुढे-मागे लांबट झालेले असते. डावा व उजवा बुश सारखा झिजलेला नसेल, तर मघाच्या चाकांमधील अंतराची नोंद काढून ताडून पाहावी. येथे वहीने आपली किंमत वसूल करावयास आरंभ केलेला असतो.

कमान गाडीखालून बाहेर आली म्हणजे धोका टळला असे वाटते. वस्तुतः एक धोका अजून उरला आहे. जुडीतील सर्व पाटे मध्यबोल्टाने एकत्र आवळलेले असतात. सुटे केल्यावर ते सारखे वाकलेले नाहीत असे आढळते: आखूड पाटा अधिक वाकलेला, लांब पाटा कमी. हे मुद्दाम केलेले असते. त्यांना आवळले की मोठ्या पाट्यावर उलट्या दिशेने थोडा ताण येऊन बसतो, आणि रस्त्यावरचा खरा ताण आला की आधीच्या ताणाची त्यातून वजाबाकी होते. युक्ती मोठी सुंदर आहे. परंतु तिचाच अर्थ असा की, हातात घेतलेली जुडी ही आवळलेली, उसळू पाहणारी वस्तू आहे. मध्यबोल्टाचा नट सरसकट फिरवून काढला तर शेवटच्या आट्याला पाटे फटकन उघडतात. म्हणून कारखान्यात ज्याला व्हाइस म्हणतात त्या भक्कम शेगड्यात जुडी बोल्टाशेजारी धरावी, दुसऱ्या अंगास मजबूत शिकंजा लावावा, बाजूच्या पट्ट्या उघडाव्या, व मगच बोल्ट काढावा. त्याच्या जागी सबंध लांबीवर आटे असलेली एक लांब सळई घालून तिचा नट सावकाश उलटा फिरविल्यास पाटे आपले आपण, शहाण्यासारखे दूर होतात. तोंड जुडीच्या वर आणू नये.

प्रत्येक पाट्याला तारेने एक चकती बांधून तिच्यावर बाजू, क्रमांक व पुढचे टोक लिहावे. पाट्यावरच छिन्नीने किंवा ठशाने खूण करण्याची काहींना सवय असते. पोलादी पाट्याच्या बाबतीत ती घातक आहे. पाटा लाखो वेळा वाकतो. त्याच्या अंगावरील बारीकशी खाचही पुढे तड्याचा आरंभ ठरते.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता मनुष्य मालकाचे वर्णन ऐकत नाही. तो घोड्याचे दात पाहतो. पाटे पुसून ओळीने मांडले की कारागिराने तेच करावयाचे असते. प्रत्येक पाट्याच्या खालच्या अंगावर, शेजारच्या पाट्याचे टोक जेथे घासले तेथे एक चकचकीत पट्टा दिसतो. तो खोलगट झाला असेल तर नख त्यात अडकते. मध्यभोकाभोवती व आसाच्या लगेच पुढे तडे शोधावे, कारण पीळ तेथे येतो. तडा डोळ्याला न दिसला तर एक जुना उपाय आहे: पाटा रॉकेलने भिजवावा, कोरडा पुसावा, आणि त्यावर खडूची पूड चोळावी. तड्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने बाहेर झिरपते व पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. हा प्रयोग शाळेतही करून पाहण्यासारखा आहे. मग पाट्यांची जाडी मोजावी. सर्व पाटे एकाच जाडीचे असून एकच निराळा असेल, तर तो नंतर घातलेला असण्याचा संभव मोठा. मघाशी एका बाजूला १४ मिलिमीटर कमी भरले होते. त्या बाजूचे पाटे केवळ अधिक सरळ झाले आहेत, की तेथे एक पाटा कमीच आहे, हे आता दिसते.

आणि येथे तो प्रश्न उभा राहतो, ज्याचे उत्तर हत्यारांत सापडत नाही. समजा, एका बाजूस शर्यतीसाठी घातलेला जादा पाटा सापडला, ठोकून सपाट केलेला, ओबडधोबड, कारखान्याच्या नकाशाशी न जुळणारा. त्याचे काय करावे? गाडी सुंदर दिसावी असे वाटणारा मालक म्हणेल की, सर्व टाकून द्या आणि नवीन एकसारख्या कमानी करून आणा. भारत सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली व मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. चासी, शरीर किंवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे. परंतु शर्यतीच्या गाडीचे मूळ स्वरूप कोणते? कुर्ल्याच्या दारातून निघाली ते, की शोलावरमच्या धावपट्टीवर उभी राहिली ते? माझे मत असे की, ज्या गाडीला शर्यतीत धावली म्हणून जपावयाचे, तिच्यातील शर्यतीच्या खुणा पुसून तिला बाजारातील कोणत्याही गाडीसारखी करणे हा त्या श्रमांवर अन्याय आहे. तो ओबडधोबड पाटा कोणा अनामिक कारागिराने रात्र जागून ठोकला असेल. त्याचे नाव कोठेही छापलेले नाही, आणि त्याच्या कौशल्याचा पुरावा म्हणून हा एवढाच पाटा उरला आहे.

तथापि मनुष्याचा जीव पुराव्याहून मोठा आहे. पाट्याला तडा असेल तर तो गाडीवर पुन्हा चढता कामा नये, मग तो कितीही ऐतिहासिक असो. त्यास वेल्डिंग करणेही व्यर्थ; जोडाच्या दोन्ही बाजूंचे पाणी उतरते व तो शेजारीच पुन्हा तुटतो. अशा वेळी त्याच जाडीचा, त्याच वाकाचा, तसाच ओबडधोबड दुसरा पाटा कमान-पाटेवाल्याकडून घडवून घ्यावा, आणि मूळ पाटा चकतीसह गाडीच्या मालकापाशी राहू द्यावा. धडधाकट पाटे मात्र जसेच्या तसे ठेवावे. कित्येक मालकांना ही काटकसर वाटते व त्याची लाज वाटते. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले धुळ्याला, सुरतेला, पुण्याला मोटारींच्या कामावर जातात. कोणाच्या हाती पहिल्याच महिन्यात पाना देऊन गाडी खोलावयास सांगतील. त्यांनी उस्तादाला एवढे विचारण्यास संकोच करू नये, की घोड्या कोठे आहेत, आणि लिहून कोठे ठेवू.

उतरविलेले पाटे तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून, आडवे ठेवावे. उजव्या व डाव्या बाजूंच्या दोन वेगळ्या पेट्या असाव्या. बुश, चकत्या, पाचरी, कापलेले यू-बोल्ट हे सर्व त्या त्या पेटीत, आणि पेटीवर तारीख. गाडी पुन्हा जोडण्याचा दिवस सहा महिन्यांनी येईल किंवा सहा वर्षांनी, तोपर्यंत सर्व काही त्या वहीच्या भरवशावर राहणार आहे; म्हणून वही ग्रीसच्या डब्याजवळ ठेवू नये.